मिसेस डॅबनीचा डावा कान

लॉस एंजेलिस
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय जस्टी,

बसली आहेस ना? नसशील तर आधी बस. मला काम मिळालं. साबणाच्या जाहिरातीतलं नाही, आणि मागून ट्रे घेऊन जाणाऱ्या बाईचंही नाही. टीव्हीवरची मालिका आहे, विनोदी, दर मंगळवारी रात्री साडेआठला. नाव 'तिसरा मजला'. तेरा भागांचा करार झालाय. एकोणचाळिसाव्या वर्षी, जस्टी! इथे या वयाच्या बाईला लोक रस्ता विचारतात, काम देत नाहीत.

एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंची गोष्ट आहे. मी शेजारीण, मिसेस डॅबनी. जरा वेंधळी बाई आहे, कुठेही मधेच शिरते. लेखकांच्या डोक्यातून निघालेली. कुणावरून घेतलेली वगैरे नाही. शुक्रवारी संध्याकाळी तीनशे लोक समोर बसवून भाग करतात, म्हणजे नाटकासारखंच. चुकलं की पुन्हा.

नाव टिली हार्मन असं दिसेल. बाबा असते तर म्हणाले असते, 'ह्रिंको नावाला काय काटे होते?' पण इथे कुणाला ते उच्चारताच येत नाही. एकाने तर मला 'मिस रिंकू' म्हटलं.

तूच मला वाढवलंस म्हणून पहिलं पत्र तुला. ऑर्डनमध्ये सगळ्यांना सांग.

तुझी,
टिल्का

*

ऑर्डन, पेनसिल्व्हेनिया
९ ऑक्टोबर १९७४

टिल्का,

सांगितलं. तुझं पत्र यायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं, कारण पोस्टातल्या बाईने पाकिटावरचं नाव वाचलं आणि मलाच विचारलं, 'काय गं, पोरीचं लग्न की काम?' मी म्हटलं, आधी फोडू तर दे.

काल मिसेस साबोलकडे बसलो. अकराजणी होतो, आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या. मिसेस साबोल आमची मुख्य, म्हणून खुर्ची तिला, बाकी आम्ही जमिनीवर. तू दारातून आत आलीस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले, ते इतरांनी पाहिलं नाही असं धरून चालते.

गोष्ट छान होती. तो एप्रन कुणी शिवला? खिसा वाकडा आहे. आणि एक विचारू? तुझी मान आखडली आहे का? सारखी डावीकडे वळवत होतीस. अंगठ्याने एप्रनची कड चोळत होतीस तेही दिसलं. मान दुखत असेल तर कापूर घातलेलं तेल गरम करून लाव. दिव्यांच्या उष्णतेत उभं राहून असं होतं म्हणे.

जेवतेस ना वेळेवर?

जस्टी

*

लॉस एंजेलिस
२ नोव्हेंबर १९७४

प्रिय जस्टी,

मान ठणठणीत आहे, ती नाटकातली लकब आहे. तुला गोष्ट आवडली हे वाचून फार बरं वाटलं. मनात धाकधूक होती.

लोकांना मिसेस डॅबनी फार आवडली. घरमालक ओरडतो, 'भाडं आणा, भाडं!' आणि ती कौतुकाने त्याच्या हातात भांडं आणून देते. एवढंच, पण लोक पोट धरून हसतात. पुढच्या भागांत माझी वाक्यं वाढवली आहेत. निर्माते मिस्टर लेंझ काल मला स्वतःच्या गाडीतून घरी सोडायला आले.

तुझा कान कसा आहे? थंडीत वाहतो का अजून? शाळेत कुणाला काही कळलं नाही ना? तुझी-माझी ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, सांगणारही नाही.

टिल्का

*

ऑर्डन
१७ फेब्रुवारी १९७६

टिल्का,

तू पाठवलेले कप मिळाले. बाराच्या बारा शाबूत. त्यावर तुझ्या मिसेस डॅबनीचं वाक्य लिहिलंय, 'हो तर! अगदी बरोबर बोललात!' बाई हसतेय, मान डावीकडे.

आता इकडचं सांगते. दुपारी जेवणाच्या रांगेत मुलं ताट घेऊन समोर येतात. महिनाभरापासून त्यांनी नवीन खेळ काढलाय. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. मला वाटतं पोर काहीतरी बोललं, म्हणून मी नेहमीसारखी म्हणते, 'हो तर, अगदी बरोबर बोललास.' की रांगेतली सगळी पोरं लोळण घेतात. मला चार दिवस कळलंच नाही का हसतात ते.

मागच्या आठवड्यात स्टीव्ह कोहूत गेला. चर्चमध्ये त्याची बायको माझा हात धरून काहीतरी म्हणाली. फार हळू बोलत होती, खाली बघून. मला ओठ दिसेनात. मी म्हटलं, 'हो तर, अगदी बरोबर बोललीस बाई.' मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणं मला ऐकू आलं नाही, खांदे हललेले दिसले. नंतर मिसेस साबोलने सांगितलं, ती बिचारी विचारत होती की आता मी एकटीने कसं जगू.

हे वाक्य मी अकराव्या वर्षापासून म्हणते आहे. तापात कान गेला, तेव्हा बाबांनीच सांगितलं, कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर ना काम मिळेल ना नवरा. ऐकू आलं नाही तर हसायचं आणि हो म्हणायचं. चाळीस वर्षं त्यावर निभावलं. आता ते म्हणता येत नाही, आणि दुसरं काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नाही.

तुमचे ते लेखक हुशार दिसतात. त्यांना कुठून सुचलं असेल?

जस्टी

*

लॉस एंजेलिस
५ मार्च १९७६

प्रिय जस्टी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पोरं म्हणजे पोरंच, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी खूळ काढतील. लेखकांपैकी एकाची आजी म्हणे तशी होती. कमी ऐकणारी माणसं घराघरात असतात, योगायोग झाला झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुला रंगीत टीव्ही पाठवतेय, मोठ्या पडद्याचा. दोघेजण घेऊन येतील, जिना अरुंद आहे ते मी त्यांना सांगितलंय.

घाईत आहे, शुक्रवार आहे.

टिल्का

*

ऑर्डन
११ जून १९७७

टिल्का,

मी आता शाळेत नाही. तुला इतर कुणाकडून कळण्याआधी लिहिते.

पाच तारखेच्या मासिकात तुझी मुलाखत आली, फोटोसकट. केस छान केले होते. ते मासिक स्वयंपाकघरात सगळ्यांच्या हातांतून फिरलं. त्यात लिहिलंय, मिसेस डॅबनी म्हणजे टिली हार्मनची थोरली बहीण, पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेत जेवण वाढते, बिचारीला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ती मनाने जोडते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. चांगला माणूस आहे, नीट समोर बसून बोलला. म्हणाला, 'जस्टिना, तिथे वाफेच्या मोठ्या कढया आहेत. कुणी मागून ओरडलं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही तर?' मी म्हटलं, 'बावीस वर्षांत एकदा तरी भाजलं का कुणाला?' तो म्हणाला, 'नाही. पण आता मला माहीत झालंय.' मग नर्सने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून शब्द वाचले. वीस शब्द होते. माझ्या कागदावर तीन आले, त्यांतले दोन चुकीचे.

शुक्रवारी बायकांनी केक आणला. वर साखरेच्या अक्षरांत तेच वाक्य. त्यांनी प्रेमानेच केलं. मी कापला, सगळ्यांना दिला. चव चांगली होती.

जस्टी

*

लॉस एंजेलिस
१६ जून १९७७

जस्टी, माझी बाई,

शपथ घेऊन सांगते, मी तसं काही बोलले नाही. ही मासिकं काहीही छापतात. त्या बाईने मला विचारलं, 'बहीण-भाऊ?' मी म्हटलं, 'एक बहीण आहे, ऑर्डनला.' बाकी तिने तिखटमीठ लावलं. माझा वकील त्यांना पत्र पाठवणार आहे.

तू इकडे ये. माझ्याकडे जागा आहे, बाग आहे. काही दिवस राहा.

टिल्का

*

ऑर्डन
२ जुलै १९७७

टिल्का,

कात्रण पाठवते. शाईने खूण केलीय तिथे वाच. 'चर्चमध्ये केव्हा उभं राहायचं आणि केव्हा गुडघे टेकायचे, हे मी तिच्या तळहातावर टिचकी मारून सांगायचे. एक टिचकी उभं, दोन टिचक्या गुडघे.'

हे त्या मासिकवालीला कुणी सांगितलं? बाबांना माहीत नव्हतं. फादरना माहीत नव्हतं. जगात दोन माणसांना माहीत होतं, त्यांतली एक मी.

वकिलाचे पैसे वाचव.

जस्टी

*

लॉस एंजेलिस
२१ ऑगस्ट १९७७

जस्टी,

सात पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

मी सांगितलं. ती बाई समोर बसून हसत होती, आणि कुणी हसायला लागलं की माझं तोंड थांबत नाही. टिचकीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'किती गोड!' आणि मला त्या क्षणी मी खरंच गोड वाटले. तुला कळवायला हवं होतं, पण वाटलं, ऑर्डनला कोण वाचतंय ते मासिक.

आता मुळापासून सांगते. मिसेस डॅबनी कुठल्या लेखकाच्या आजीवरून आलेली नाही. काम मागायला गेले त्या दिवशी खोलीत सातजण होते. मी दोन पानं वाचली, कुणी हसलं नाही. मिस्टर लेंझ घड्याळ बघत म्हणाले, 'छान, कळवू.' म्हणजे जा. त्या वर्षात तसं अकराव्यांदा ऐकत होते. मी पर्स उचलली. त्यांनी काहीतरी विचारलं, भीतीने माझ्या कानात नुसता गोंगाट चालला होता, काही कळलं नाही. आणि माझी मान आपोआप डावीकडे वळली, अंगठा स्कर्टची कड चोळायला लागला, आणि तुझ्या आवाजात मी म्हणाले, 'हो तर! अगदी बरोबर बोललात!'

खोलीत हशा पिकला. एकजण खुर्चीवरून घसरला. लेंझ म्हणाले, 'हे पुन्हा कर.'

पहिल्यांदा झालं ते आपोआप झालं, जस्टी. दुसऱ्यांदा मी केलं. त्यानंतर साठ भागांत करत आले. त्या दिवशी मला लाज वाटली असं लिहिलं तर तेही खोटंच. येताना मी खाटकाकडून मांसाचा मोठा तुकडा घेतला, कांद्यावर परतला, आणि एकटीने सगळा खाल्ला. गात होते.

लाज नंतर आली. पण आली ती जायचं नाव घेत नाही. तू मानेला कापराचं तेल लावायला सांगितलंस, तेव्हा मला हायसं वाटलं होतं की तुला ओळखता आलं नाही. त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी काय करू ते सांग. मालिका सोडू?

टिल्का

*

ऑर्डन
१९ नोव्हेंबर १९७७

टिल्का,

तीन महिने लावले, कारण राग असताना मी लिहीत नाही, अक्षर बिघडतं.

मी पहिल्याच मंगळवारी ओळखलं होतं. आपलीच मान कुणी ओळखत नाही होय? मी तेलाचं लिहिलं ते एवढ्यासाठी की तू आपणहून सांगशील. तुला वाट काढून दिली होती. तू त्या वाटेने पळून गेलीस.

मी बहिरी आहे. बघ, लिहिलं. हा शब्द मी आजवर कागदावरही लिहिला नव्हता. तो लोकांना कळला, याचं मला वाटलं होतं तेवढं काही वाटत नाही. नोकरी गेली त्याचंही होईल काहीतरी. शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोहीच्या पाऱ्या लाटून आत बटाटा भरायला जाते, उकडलेल्या बटाट्याला माझं ऐकू न येणं चालतं.

मला वेगळंच खुपतं. तू ते फार हुबेहूब करतेस. अंगठा सुद्धा. कड चोळताना मी नख आत वळवते, हे मलाच तुझ्याकडे बघून कळलं. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. चर्चमध्ये, दुकानात, शाळेत, सगळीकडे तू माझा हात धरून असायचीस. मला वाटायचं पोरीची माया आहे, मला सांभाळते. आता वाटतं, तेव्हापासून तू मला नुसती बघत होतीस का? कपड्याचं माप घ्यावं तशी? तेवढं खरं खरं कळव.

मालिका सोडू नकोस. सोडून कुणाचा कान येणार आहे? मला एकच हवंय. इकडे ये, तळघरातल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग: ही माझी बहीण, ही वेंधळी नाही, हिला ऐकू येत नाही, आणि मी तिची नक्कल करून पोट भरलं. चार वाक्यं आहेत. तू तर पानंच्या पानं पाठ करतेस.

जस्टी

*

लॉस एंजेलिस
४ एप्रिल १९७८

जस्टी,

दोन्ही करत होते. मायाही होती, बघतही होते. मला ती वेगळी काढता येत नाहीत. हेच खरं उत्तर आहे, चांगलं नाही.

मी लेंझना म्हटलं होतं, मिसेस डॅबनीला कानाचं यंत्र लावू या. ते म्हणाले, 'टिली, यंत्र लावलं की विनोद संपला.' मी म्हटलं, 'मग मी नाही करणार.' ते म्हणाले, 'बरं.' नुसतं 'बरं', जस्टी. दोन दिवस घरी बसले आणि तिसऱ्या दिवशी जाऊन आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली. तू सोडू नकोस म्हणालीस, पण मी तुझ्या म्हणण्यासाठी सही केली नाही हे तुलाही कळतं.

सहा मेला, शनिवारी येते. चार वाक्यं कागदावर लिहिली आहेत. रोज सकाळी आरशासमोर म्हणते.

टिल्का

*

ऑर्डन
१५ मे १९७८

माझ्या टिल्का,

तू नीट पोचलीस ना? तुझ्यामागे घर रिकामं वाटतं.

त्या संध्याकाळबद्दल तुला लिहायचंच होतं. मी भिंतीपाशी होते, मधे दोनशे माणसं, तुझा चेहरा नीट दिसत नव्हता. पण तू हातात कागद धरलेला दिसला, तू माईकपाशी गेलीस, बोललीस, आणि सगळा हॉल हलला. लोक हसत होते, डोळे पुसत होते, उभं राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं होतं लोक गप्प होतील, ओशाळतील. पण आपली माणसं तशीच, रडू आलं की हसतात. म्हणून मी तशी धावत आले आणि सगळ्यांसमोर तुला मिठी मारली. अशा गोष्टीला काय धीर लागतो ते मला माहीत आहे.

टिल्का, तेव्हापासून मी वेगळी बाई झालेय. रविवारी खाटकाला म्हटलं, 'माझ्याकडे बघून बोल रे बाबा, मी बहिरी आहे, माझ्या बहिणीने सांगितलंच आहे तुम्हाला.' तो जरा गोंधळला, पण बोलला बघून. फादरना सांगितलं. कोहूतच्या बायकोला जाऊन सांगितलं की त्या दिवशी मला तुझं ऐकू आलं नव्हतं गं, आणि आम्ही दोघी तासभर बसलो. आता मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. म्हणणार, सगळ्यांसमोर झालंय, आता लपवायचं काही नाही, मागून ओरडण्याऐवजी एक लाल दिवा लावा, आणि मला माझ्या कढईपाशी उभं राहू द्या.

तुझ्यावर रागावले होते. आता नाही.

तुझी जस्टी

*

लॉस एंजेलिस
२४ सप्टेंबर १९७८

जस्टी,

तुझं पत्र मेपासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर चार महिने गप्प राहिले. तू आणखी दोन पाठवलीस, त्यांनाही उत्तर दिलं नाही. तू समजत असशील कामात आहे. कामात नव्हते.

मी ती चार वाक्यं बोलले नाही.

तुला ऐकू आलं नाही, म्हणून मी काय बोलले ते सांगते. मी कागद उघडला. म्हणाले, 'मला माझ्या बहिणीबद्दल काही सांगायचंय.' एवढं बोलले. लोक गप्प झाले. ती शांतता मला सोसेना. दोनशे माणसं आणि कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही. मागून कुणीतरी ओरडलं, 'टिल्का, एकदा करून दाखव ना!' मी हसले. आणखी दोघे-तिघे ओरडले. आणि मी मान वळवली, अंगठा चोळला, आणि म्हणाले, 'हो तर! अगदी बरोबर बोललात!' त्यासाठी ते उभे राहिले. त्यासाठी टाळ्या होत्या.

मग तू धावत आलीस. मला वाटलं तू मारणार. तू मिठी मारलीस. तुझ्या गालावरून पाणी वाहत होतं, तू माझ्या कानात म्हणालीस, 'झालं, सुटलो दोघी.' तेव्हाच तुला सांगायचं होतं. घरी सांगायचं होतं. तू कोबीच्या शेवया केल्या होत्यास, मी दोनदा वाढून घेतल्या आणि विमानतळावर गेले.

तू मुख्याध्यापकांकडे गेली असशील. काय झालं ते विचारायची माझी हिंमत नाही. तू जिथे जाऊन 'माझ्या बहिणीने सांगितलंच आहे' म्हणालीस, तिथे तिथे त्या माणसाने तुझ्याकडे कसं बघितलं असेल, हे मला रोज दिसतं. तुझी नक्कल करून मी पोट भरलं. पण या खेपेला तुला ऐकू येत नाही म्हणून मी तुला फसवलं. आयुष्यभर ज्याची तुला भीती होती, तेच, आणि ते करणारी मी.

क्षमा माग असं मला कोण म्हणणार? मागायला तोंड नाही.

टिल्का

*

ऑर्डन
७ मार्च १९८२

टिल्का,

साडेतीन वर्षं झाली. तुझी ख्रिसमसची कार्डं येत होती. ठेवली आहेत. टीव्ही खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवला होता, तुला राग येऊ दे.

तुझं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मी मिसेस साबोलकडे गेले. तिला दिव्याखाली बसवलं आणि विचारलं, 'हॉलमध्ये टिल्का काय बोलली होती?'

ती म्हणाली, 'ते नेहमीचंच वाक्य.'

'मग मी गावभर सांगत फिरले, तेव्हा मला अडवलं का नाहीस?'

ती म्हणाली, 'तू एवढी ताठ चालत होतीस, जस्टी. मला वाटलं, तिने जे दिलंय ते मी कशाला काढून घेऊ?'

सगळ्यांना माहीत होतं. खाटकाला, फादरना. मुख्याध्यापकांनाही, ते त्या दिवशी हॉलमध्ये होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचार करतो म्हणाले. त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून मेल्यासारखी पडले. वर्षभर चर्चला शेवटच्या बाकावर बसले. तुझं नाव काढलं की उठून जायचे.

मग एकदा पिरोही लाटताना कोहूतची बायको म्हणाली, 'तुझी बहीण काही बोलली नसेना का. मला तर तूच येऊन सांगितलंस.' मी पीठ मळत राहिले. घरी येऊन मोजलं. चौतीस माणसं निघाली. चौतीस जणांना मी स्वतःच्या तोंडाने, समोर उभं राहून सांगितलं होतं. तुझ्या खोट्याच्या आधाराने सांगितलं हे खरं, पण तोंड माझं होतं. तुझं देणं त्याने फिटत नाही, एवढं लक्षात ठेव.

तर आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून पिट्सबर्गला जाऊन कानाचं यंत्र घेतलं. उजव्या कानाला, डावा गेलेलाच आहे. जानेवारीपासून लावते. माझ्या सपाता एवढ्या वाजतात? फ्रिज दिवसभर कण्हत असतो हे कुणी बोललं नव्हतं. आणि माझा आवाज! पंचेचाळीस वर्षं मी ओरडत होते आणि तुम्ही सगळे ऐकून घेत होतात. मुख्याध्यापकांनी लाल दिवा काही लावला नाही, पण आता दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावायला ठेवलंय. मुलं तिथे हळू बोलतात आणि मी म्हणते, 'ऐकू आलं नाही, पुन्हा सांग.' सांगतात.

तुझी मालिका बंद झाली ते मिसेस साबोलने सांगितलं. आता दुपारी जुने भाग पुन्हा दाखवतात. परवा टीव्ही गॅरेजमधून आणवला. यंत्र लावून बसले. साधी मिरवणूक बघायला बसावी तशी बसले होते, खरं सांगते.

लोक हसतात ते त्या पेटीतून ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. मी आजवर फक्त तुमचे चेहरे बघितले होते. मला वाटायचं हसतात ते आपल्या खोलीतले. विमावाला येतो, तो म्हणतो 'विमा काढायचाय का?' आणि तू म्हणतेस, 'किमा? आज शुक्रवार आहे, आम्ही मांस खात नाही.' तीनशे माणसं हसली. मीही हसले. हसले आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघितलं. एवढी वर्षं तुला बोल लावला, आणि मी स्वतःच.

पुढचं ऐक. त्याच भागात तू एक विनोद केलास, मेणबत्तीचा काहीतरी, आणि कुणीच हसलं नाही. आधी वाटलं यंत्र बंद पडलं. खडखड करून बघितलं, चालू होतं. खरंच कुणी हसलं नव्हतं. त्या शांततेत तू उभी होतीस, आणि तुझा चेहरा मला ओळखीचा वाटला. दुकानात, चर्चच्या पायरीवर, समोरचा काय म्हणाला ते न कळून मी उभी राहायचे, तेव्हा आतून मला तसंच होतं. मग तुझी मान वळली. मला आधीच कळलं होतं की आता ती वळणार.

ईस्टरला येणार असलीस तर ये. मी कुणाला सांगणार नाही. माफ केलं असं लिहीत नाही, कारण तसं झालेलं नाही अजून.

त्या भागात तुझी मान वळताच लोक हसले, फार मोठ्याने. मी उठून टीव्ही बंद केला. एवढ्या लोकांसमोर तुला तसं एकटीला उभं बघवेना.

जस्टी